भूत मसणवट्यात नाही

मसणवट्यात भूत असतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी आधी मसणजोग्यांकडे पाहावं. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं स्मशानात राहिली. पालं तिथंच, चुली तिथंच, बाळंतपणंही तिथंच. भूत असतं तर पहिला बळी त्यांच्या लेकरांचा गेला असता. लेकरं गेली ती तापानं आणि उपासमारीनं.

'त्यांना भुतं वश असतात,' हे यावरचं ठरलेलं उत्तर. भुतं वश असलेला माणूस शंख फुंकत, घंटा वाजवत दारोदार पीठ कशाला मागेल? गावानं त्याच्या अंगी शक्ती मानली आणि जागा मात्र वेशीबाहेर दिली.

रात्री दिसणाऱ्या उजेडाचा दाखलाही टिकत नाही. चितेच्या राखेखाली निखारा बराच वेळ धुमसतो आणि वारा सुटला की फुलतो. किंकाळी म्हणावी, तर ती टिटवीची किंवा कोल्ह्याची.

'भीतीनं काय बिघडतं?' हा प्रश्न मला सगळ्यांत घातक वाटतो. बिघडतं ते माणसाचं. 'बाधा झाली' म्हणून आजारी सून दवाखान्याऐवजी मांत्रिकापुढे बसवली जाते, तिला मिरचीची धुरी दिली जाते. हे थांबावं म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झटले. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण केली, तर सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

शिवाय ज्या जागेची भीती, तिची देखभाल कोण करणार? पालम तालुक्यात लेंडी नदीला पूर आला की गावांचा संपर्क तुटतो. अशा दिवसांत गावात दहनशेड नसेल, तर ताडपत्री धरून प्रेताला अग्नी द्यावा लागतो. मेलेल्याची खरी विटंबना ही आहे.

भीती मोडता येते. 6 डिसेंबर 2014 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, कर्नाटकातले तेव्हाचे मंत्री सतीश जारकीहोळी बेळगावच्या स्मशानात लोकांसह जेवले आणि रात्रभर तिथंच राहिले. आपल्याकडे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) कार्यकर्तेही अमावस्येला स्मशानात जात आले आहेत.

पालमकरांनो, येत्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. जनसुविधा योजनेतून स्मशानाला रस्ता, शेड आणि दिवा मिळावा. आणि मसणजोग्यांचं बिऱ्हाड कुठं असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेतून त्यांना गावात घर मिळावं.