आधी ठराव, मग चर

खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात घेववत नाही. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या गावांची तहान त्यामुळे लांबच्या धरणांवर अवलंबून आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी वारी भैरवगडचे वान आणि अंजनगाव सुर्जीकडचे शहानूर, दक्षिणेला महानचे काटेपूर्णा. वानवरची 84 खेडी योजना, काटेपूर्णेवरची खांबोऱ्याची 64 खेडी योजना ही नावे आपल्या वाचकांना तोंडपाठ आहेत. त्यातल्या कित्येकांनी या योजनांवर उमेदीची वर्षे घालवली आहेत.

पाणी लांबून आणायचे म्हणजे जलवाहिनी वाटेतल्या अनेक गावांच्या शिवारातून न्यावी लागते. त्यातल्या काही गावांना त्या वाहिनीचा एक थेंबही मिळणार नसतो. जमिनीच्या परवानगीचा पेच इथे आहे. लाभार्थी गावाचा ठराव एका बैठकीत मिळतो, वाटेतल्या गावाचा मिळत नाही. आणि तो का मिळत नाही, याचा विचार आपल्या अंदाजपत्रकात कुठेच नसतो. वानचे पाणी बाळापूर तालुक्यातल्या गावांना देण्यावरून तेल्हारा-अकोट भागात किती विरोध झाला आणि 2023 च्या एप्रिलमध्ये खारे पाणी बरोबर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे यात्रा कशी निघाली, हे सर्वांनी पाहिले आहे. वाद पाण्याच्या वाटपाचा होता, जमिनीचा नव्हता. पण ज्या शिवारातून पाणी जाते त्या शिवाराला विश्वासात घेतले नाही की काय होते, हे त्याने दाखवून दिले.

कामे रखडण्याची कारणे एकच नाहीत. थकलेली देयके हे मोठे कारण आहे आणि त्यावर या स्तंभातून पुन्हा लिहावे लागेल. जागेचा प्रश्न मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातातला आहे. कार्यारंभ आदेश आधी आणि नाहरकत मागाहून, ही आपली रीतच झाली आहे. ती सोडली पाहिजे.

जागेचा ताबा आधी असला की काय होते, याचे उदाहरण आपल्या दारातच आहे. 2022 च्या जूनमध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग 53 वर 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. यंत्रे होती, माणसे होती, सगळे खरे. पण त्या पाच दिवसांत कोणी धुऱ्यावर उभे राहून काम अडवले नाही, कारण जागा आधीच मोकळी होती. दुसरे उदाहरण गेलच्या मुंबई-नागपूर वायुवाहिनीचे. ती समृद्धी महामार्गाच्या हद्दीत, सुमारे 3 मीटर रुंदीच्या पट्ट्यात, 675 किलोमीटर टाकली गेली. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव, चांदूर रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून हा महामार्ग जातो. महामार्गाची जमीन एकदाच घेतली आणि वाहिनी तिच्यातूनच गेली. पांदण रस्त्यांची कामे सध्या जिल्ह्याजिल्ह्यात सुरू आहेत. त्या मोजणीतच कडेला नळासाठी पट्टा राखून ठेवा, अशी मागणी आपल्या अभियंत्यांनी आजच तहसीलदारांकडे केली पाहिजे.

ग्रामपंचायतीच्या ठरावाकडे आता जरा जवळून पाहू. नेहमीचा मजकूर असा असतो: सदर योजनेस ग्रामपंचायतीची हरकत नाही. खाली सही, शिक्का. गट क्रमांक नाही, लांबी नाही, चर किती रुंद आणि किती खोल ते नाही, रस्त्याच्या कोणत्या बाजूने जायचे ते नाही, खोदलेला रस्ता कोण आणि किती दिवसांत पूर्ववत करणार तेही नाही. या एका ओळीवर कोट्यवधींचे काम सुरू होते. पुढे सरपंच बदलतो, पोकलेन एखाद्याच्या वावरात उतरते आणि ठराव दाखवला की शेतकरी विचारतो, यात माझा गट कुठे आहे? त्याचे म्हणणे रास्त आहे. मासिक सभेचा ठराव म्हणजे त्याची संमती नव्हे. ठरावाला गटनिहाय तक्ता आणि नकाशा जोडलेला असावा, तो ग्रामसभेत वाचला जावा आणि खासगी शेतातून जायचे असेल तर प्रत्येक खातेदाराची लेखी संमती वेगळी घ्यावी.

दुसरी चूक ई-क्लासबाबत होते. वऱ्हाडात गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीला ई-क्लास म्हणतात आणि ती ग्रामपंचायतीचीच, असे समजून टाकीची जागा ठरवली जाते. देखरेख ग्रामपंचायतीची असली तरी मालकी शासनाची आहे. जगपाल सिंग प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 28 जानेवारी 2011 च्या निकालानंतर राज्याने 12 जुलै 2011 रोजी गायरानाबाबत शासन निर्णय काढला. दुसरी जागाच नसेल तेव्हा आणि सार्वजनिक कामासाठीच ही जमीन द्यावी, असा त्याचा रोख आहे. म्हणून ग्रामपंचायतीच्या ठरावावर न थांबता तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव गेलाच पाहिजे, आणि त्यात पर्यायी जागा का नाही याचे पटणारे उत्तर हवे.

मेळघाटात, म्हणजे धारणी आणि चिखलदऱ्यात, चित्र वेगळे आहे. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग, तिथे ग्रामसभेला पेसा कायद्याचे बळ आहे. वनजमीन आडवी आली की आपले लोक हात टेकतात. पण वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये गावाच्या सोयींसाठी वनजमीन देण्याची सोपी वाट आहे आणि त्या यादीत पिण्याच्या पाण्याची योजना व जलवाहिनी स्पष्ट लिहिलेली आहे. अटी ठरलेल्या आहेत: प्रत्येक कामाला 1 हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. 2 मीटर रुंदीचा पट्टा धरला तर 5 किलोमीटरला बरोबर 1 हेक्टर भरतो. आखणी करतानाच हा हिशेब डोक्यात असेल तर गावापुरत्या कितीतरी योजना या वाटेने मार्गी लागतील. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वन्यजीवांच्या परवानगीची प्रक्रिया वेगळी, तिला वेळ लागतो आणि तो धरूनच चालावे.

वायू आणि तेलाच्या वाहिन्यांना 1962 चा केंद्रीय कायदा आहे. त्यात जमिनीची मालकी शेतकऱ्याकडे राहते, कंपनीला वापरहक्क मिळतो, हरकतीसाठी 21 दिवस मिळतात, आणि नुकसानभरपाईखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम द्यावी लागते. त्या पट्ट्यावर पुढे घर, विहीर किंवा झाड नको, ही अटही असते. राज्यानेही 2018 साली भूमिगत नळमार्गांच्या वापरहक्कासाठी स्वतंत्र कायदा केला. पाणीपुरवठ्याच्या कामांत मात्र अजून तोंडी आश्वासनावरच निभावले जाते. वापरहक्काची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत झाली नाही, तर शेत विकले गेल्यावर नवा मालक वाहिनीच्या डोक्यावर बोअर घेतो. सिंभोऱ्याहून अमरावतीला येणारी मुख्य वाहिनी सुमारे 55 किलोमीटरची आहे. अशी वाहिनी फुटली की दुरुस्तीसाठी कोणाच्या तरी वावरात शिरावेच लागते. परवानगी घ्यायची ती चर खोदण्यापुरती नव्हे, वाहिनीच्या उभ्या आयुष्यासाठी.

शेतकऱ्याचा राग मोबदल्यापेक्षा मातीवरून जास्त असतो, असे आमचे ठाम मत आहे. आपली काळी कसदार जमीन वरच्या थरात आहे, खाली पिवळसर चुनखडीची माती लागते. पोकलेनचा चालक दोन्ही एकाच ढिगात टाकतो आणि तसाच ढीग चरात लोटतो. खालची माती वर येते आणि त्या पट्ट्यात पुढची काही वर्षे कपाशी खुरटी राहते. पहिल्या पावसात भराव खचतो, त्याचा नाला होतो, शेजारच्या तासांतली मातीही वाहून जाते. वरची माती वेगळी काढणे, ती वेगळी रचणे, भराव थराथराने दाबून काळी माती शेवटी पसरणे, यात वेळ थोडाच जास्त लागतो. हे काम निविदेत स्वतंत्र बाब म्हणून आणि दरासह आले पाहिजे, नाहीतर कंत्राटदार ते करणार नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका गावात माती नीट बसवली की पुढच्या गावाचा ठराव मिळवायला जायची गरज उरत नाही. बातमी आधीच पोहोचलेली असते.

राहिला प्रश्न वेळापत्रकाचा. सोयाबीन सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, तूर जानेवारीपर्यंत उभी असते, कपाशीची वेचणी फेब्रुवारीपर्यंत चालते. वावर मोकळे मिळते ते त्यानंतर मृगाच्या पावसापर्यंत. चरासाठी वर्षात एवढेच दिवस आहेत. ग्रामसभा साधारणपणे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला भरतात. 26 जानेवारीला विषय मांडला तर मोजणी, संमती आणि जिल्हाधिकारी कार्यालयाची फेरी होईपर्यंत पाऊस येतो आणि वर्ष गेले. 15 ऑगस्टला मांडला, 2 ऑक्टोबरला शंका निरसून ठराव घेतला, डिसेंबरपर्यंत भूमी अभिलेखची संयुक्त मोजणी उरकली, तर फेब्रुवारीअखेर काम सुरू होते.

15 ऑगस्टची ग्रामसभा आता महिन्यावर आली आहे. विषयपत्रिकेवर नाव लागायचे तर प्रस्ताव त्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलावर हवा. ज्यांच्या योजना येत्या उन्हाळ्यात चरावर जायच्या आहेत, त्यांनी या आठवड्यात पटवाऱ्याला बरोबर घेऊन आखणी पायी चालून पाहावी, गटनिहाय तक्ता करावा आणि वाटेतल्या प्रत्येक गावाला, पाणी न मिळणाऱ्या गावाला सर्वांत आधी, तो स्वतः नेऊन द्यावा.