खडूच्या कड्याखालून

खडू म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळेंतील काळा फळा उभा राहतो. हल्लीं दुकानांत मिळणारा खडू बहुधा जिप्समचा असतो. खरा खडू तो नव्हे. खऱ्या खडूचे डोंगरच्या डोंगर पाहावयाचे असतील, तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यास गेलें पाहिजे. आज आपल्या समाजांतील पुष्कळ घरांचा एखादा मुलगा-सून किंवा मुलगी-जांवई त्या देशांत असतात व उन्हाळ्यांत वडील मंडळींचें तिकडे जाणें होतें. लंडनचे राजवाडे आणि संग्रहालयें पाहून झालीं कीं आतां कोठें जावें, असा प्रश्न पडतो. त्यांच्यासाठीं, आणि घरीं बसून हें सदर वाचणाऱ्यांसाठींही, या खेपेस एका पाऊलवाटेची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे.

लंडनच्या दक्षिणेस सुमारें ५० मैलांवर ब्रायटन शहर आहे. आगगाडीनें तासाभरांत तेथें पोहोंचतां येतें. शहराच्या पूर्व टोकास १९७० नंतरच्या दशकांत होड्यांसाठीं बांधलेलें एक मोठें कृत्रिम बंदर आहे. त्याच्या पाठीमागून ही वाट निघते आणि रॉटिंगडीन या खेड्यावरून सॉल्टडीनपर्यंत सुमारें तीन मैल जाते. तिचें नांव ‘अंडरक्लिफ वॉक’. एका हातास समुद्र, दुसऱ्या हातास शंभर फुटांच्या आसपास उंचीचा उभा पांढरा कडा, आणि मध्यें सिमेंटची सपाट, रुंद वाट. चढ नाहीं कीं उतार नाहीं. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंस आणि ढकलगाडींतील बाळास ती सारखीच सोयीची आहे.

वस्तुतः ही वाट म्हणजे एका भिंतीचा माथा होय. समुद्राचा मारा थोपविण्यासाठीं १९३० ते १९३३ या काळांत ही भिंत बांधण्यांत आली, व भिंत झाली म्हणून वाट झाली. त्यापूर्वीं लाटा थेट कड्याच्या पायथ्यावर आपटत. खडू हा दगड खरा, पण मोठा मऊ. नखानें ओरखडा निघावा इतका. लाटा खालून त्यास कोरीत जातात, कोरतां कोरतां वरचा भाग निराधार होतो, आणि एके दिवशीं दरड कोसळते. पडलेला खडू लाटा कांहीं दिवसांत धुऊन नेतात आणि पुन्हां कोरावयास लागतात. कड्याच्या माथ्यावर किनाऱ्याचा मोठा रस्ता आणि घरें. तीं जावयाचीं कीं समुद्र अडवावयाचा, असा सरळ प्रश्न होता. ब्रायटनकरांनीं समुद्र अडविला.

आतां या कड्याकडे तोंड करून क्षणभर उभें राहावें. हा खडू झाला कशापासून? समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या अंगावर चुन्याच्या चिमुकल्या चकत्या असतात. मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजाव्या, अशा त्या लहान. शैवाल मेलें कीं त्या तळाशीं बसत. हजार वर्षांत एक-दोन सेंटिमीटर थर सांचला तरी पुष्कळ. या कड्याचा खडू सुमारें आठ कोटी वर्षांपूर्वींचा आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण आपण फार पुराणा समजतों. परंतु तो ज्या लाव्ह्यापासून झाला, तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचा. म्हणजे हा पांढरा चिखल समुद्रतळीं बसत होता, तेव्हां सह्याद्रि जन्मासही आला नव्हता! टॉमस हक्स्ले या शास्त्रज्ञानें १८६८ सालीं नॉर्विच येथील कामगारांपुढें केवळ एका खडूच्या तुकड्यावर व्याख्यान दिलें व त्यांतून पृथ्वीचा इतिहास उलगडून दाखविला. तें व्याख्यान आजही वाचलें जातें. शास्त्र सोपें करून सांगणाऱ्यांनीं तें अवश्य वाचावें.

पांढऱ्या कड्यांत काळ्या रेघा आडव्या ओढल्यासारख्या दिसतात, त्या चकमकीच्या दगडांच्या. समुद्रांतील स्पंजांच्या अंगांतील सिलिका विरघळून खडूंत पुन्हां गोठली, तिचे हे गड्डे होत. पायाखालच्या किनाऱ्यावर वाळू थोडी आणि गोटेच फार दिसतात, तेही बहुतेक याच चकमकीचे. खडू विरून जातो, चकमक मागें राहते. या गोट्यांकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. पुढें त्यांचें काम आहे.

वाटेच्या आरंभीं, बंदराच्या मागच्या कड्यांत, एक विलक्षण गोष्ट पाहावयास मिळते. तेथें कडा वरपर्यंत पांढरा नाहीं. आजच्या भरतीच्या रेषेहून बऱ्याच उंचावर गोट्यांचा एक थर आहे, व त्याच्यावर तपकिरी दगडमातीचा जाड ढीग. तो गोट्यांचा थर म्हणजे सुमारें दोन लक्ष वर्षांपूर्वींचा समुद्रकिनारा होय. त्या काळीं समुद्र आजच्याहून वर होता. पुढें हिमयुग आलें, आणि टेकड्यांवरून घसरलेल्या गारठलेल्या चिखलानें तो किनारा गाडला गेला. त्या दगडमातींत केसाळ हत्ती व गेंड्यांचे अवशेष सांपडले आहेत. ज्या समुद्रास अडविण्यासाठीं भिंत घातली, त्याची एक जुनी मर्यादा भिंतीच्या पाठीमागें आणि डोक्याच्याही वर अशी लिहून ठेविली आहे.

वाटेच्या कडेनें ओहोटीच्या वेळीं पाण्यांत काँक्रीटचे ठोकळे ओळीनें दिसतात. ते एका आगगाडीचे अवशेष आहेत असें सांगितलें तर मुलें हंसतील, पण तें खरें आहे. मॅग्नस व्होल्क नांवाच्या कल्पक गृहस्थानें १८९६ च्या नोव्हेंबरांत ब्रायटन ते रॉटिंगडीन अशी विजेची गाडी समुद्रांतून चालविली. रूळ पाण्याखालीं, आणि गाडी तेवीस फूट उंचीच्या चार लोखंडी पायांवर! गाडींत जीवरक्षक नौका ठेवावी लागे आणि चालविण्यास दर्यावर्दी कप्तान नेमावा लागे. सुरू झाल्यावर आठवडाभरांतच वादळानें ती मोडली. व्होल्कनें पुन्हां उभी केली, आणि १९०१ पर्यंत ती चालली. तिचा शेवट वादळानें झाला नाहीं. किनारा राखण्यासाठीं समुद्रांत काटकोनांत आडवे बांध घालावयाचे ठरलें, ते तिच्या मार्गांत आले, व रूळ हलविण्यास व्होल्कजवळ पैसा नव्हता. त्याची समाधि वाटेच्या वरच्याच अंगास ओव्हिंगडीन गांवच्या चर्चमध्यें आहे.

रॉटिंगडीन येथें कड्यांत खिंड आहे व गांव समुद्रापर्यंत उतरलें आहे. येथें चहास थांबावें. मुंबईस १८६५ सालीं जन्मलेला रड्यार्ड किपलिंग १८९७ ते १९०२ पर्यंत या गांवीं राहत होता, आणि ‘किम’ त्यानें येथेंच पुरी केली. त्याच्या साम्राज्याभिमानाविषयीं आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पण १८९९ मध्यें अमेरिकेच्या प्रवासांत त्याची थोरली मुलगी सहा वर्षांची होऊन वारली, आणि परतल्यावर तिच्या आठवणींनीं भरलेलें हें घर त्यास खावयास उठे. त्यांतच ब्रायटनहून गाड्या भरभरून येणारे लोक भिंतीवरून आंत डोकावून पाहत. अखेर त्यानें गांव सोडलें. त्याच्या बागेचा कांहीं भाग आतां सर्वांस खुला आहे.

परंतु या वाटेवरून चालतांना ज्या गोष्टीचा विचार मनांत घोळत राहतो, ती निराळीच आहे. खडूचा कडा पांढरा कां दिसतो? तो ढासळतो म्हणून. दरड पडली कीं आंतला कोरा खडू उघडा होतो. ढासळणें थांबलें तर कड्यावर गवत आणि झुडपें धरतात, रंग मळतो, उतार मंदावतो. येथें भिंतीनें पायथा राखला. पण पाऊस, थंडी आणि मुळें यांस भिंत कोठें अडविते? इ. स. २००० चा शरद ऋतु इंग्लंड व वेल्समध्यें १७६६ पासूनच्या नोंदींत सर्वांत अधिक पावसाचा ठरला. खडूनें तें पाणी पोटांत घेतलें, आणि २००१ च्या एप्रिलांत बंदराच्या मागचा कडा ढासळला. मग सैल खडू तासून काढणें, पोलादी खिळे मारणें, कांहीं ठिकाणीं जाळी लावणें, असे उपाय करावे लागले. इकडे हे कडे शास्त्रीय महत्त्वाचे म्हणून कायद्यानें संरक्षित. भूशास्त्रज्ञास कडा उघडा पाहिजे. खालून चालणाऱ्यास तो डोक्यावर पडावयास नको. दोघांचेंही म्हणणें रास्त आहे, ही खरी अडचण.

दुसरी अडचण त्या गोट्यांची. किनाऱ्यावर गोट्यांची रास असली कीं लाटेचा जोर तींत जिरतो. समुद्रास थोपविणारी ती निसर्गाची भिंत होय. या किनाऱ्यावर लाटा ते गोटे हळूहळू पश्चिमेकडून पूर्वेकडे नेत असतात. नवे गोटे येतात कोठून? ढासळणाऱ्या कड्यांतून. कडा ढासळूं दिला नाहीं तर गोट्यांची भर थांबते, किनारा उघडा पडतो, आणि लाटा भिंतीवरच येऊन आदळतात. आडवे बांध घालून एका गांवानें गोटे धरून ठेविले, तर पूर्वेच्या गांवास ते कमी पडतात. आपल्या कोंकणांत धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी गांवोगांव होत असते, आणि ज्याची माडाची बाग समुद्रांत चालली आहे त्यास ती करूं नको असें कोण म्हणेल? परंतु बंधारा आपल्या दारचा समुद्र अडवितो, तेव्हां शेजाऱ्याच्या दारीं काय पाठवितो, हेंही त्याच वेळीं विचारणें जरूर असतें.

ब्रायटनच्या पूर्वेस पंधरा-सतरा मैलांवर बर्लिंग गॅप म्हणून जागा आहे. तेथें भिंत नाहीं. कडे दुधासारखे शुभ्र आहेत, आणि सरासरीनें दरवर्षीं सुमारें दोन फूट मागें सरतात. अर्थात् कधीं वर्षानुवर्षें कांहीं होत नाहीं आणि एका रात्रींत मोठा लचका जातो. कड्याच्या माथ्यावर किनारारक्षकांसाठीं १८७८ सालीं बांधलेल्या घरांची एक ओळ होती. बांध घालून ती वांचवावी, अशी रहिवाशांची मागणी मान्य झाली नाहीं, व घरें एकामागून एक पाडावीं लागलीं. त्या शुभ्र कड्यांची सृष्टिशोभा साऱ्या देशाची ठेव आहे, ती राखावयाची तर समुद्रास त्याचें काम करूं द्यावें, हा निर्णय मला बरोबर वाटतो. पण ज्याच्या स्वयंपाकघराची भिंत गेली, त्याच्या पदरीं या ठेवीचा खर्च एकट्याच्या पडला, हें विसरतां येत नाहीं.

तेथून जवळच बेल टाउट नांवाचें १८३२ सालीं बांधलेलें दगडी दीपगृह आहे. कड्याची कड त्याच्या अगदीं जवळ आली, तेव्हां १९९९ च्या मार्चमध्यें ८५० टनांची ती सबंध इमारत उचलून रुळांवरून सुमारें ५५ फूट मागें सरकविण्यांत आली. पुढें पुन्हां सरकवितां यावी, अशी सोयही पायांत करून ठेविली आहे.

ब्रायटनच्या वाटेस जाणाऱ्यांनीं वाऱ्याचा दिवस टाळावा. वादळांत लाटा भिंतीवरून उसळून वाटेवर येतात, आणि मग नगरपालिका ती बंद करिते. बसावयाचें तें कड्यापासून दूर, समुद्राच्या बाजूस. बर्लिंग गॅपला तर वर कडेच्या जवळ जाऊं नये आणि खालीं कड्यास टेकून फराळाचे डबे मुळींच उघडूं नयेत. माथ्यावरचें गवत पुष्कळदां नुसतें पोकळीवर तरंगत असतें. वाट सॉल्टडीनला संपते. वर चढून आलें कीं १९३८ सालीं बांधलेला पोहण्याचा सुंदर तलाव दिसतो, व त्याच्या जवळूनच ब्रायटनला परत जाणारी बस मिळते.