रडू आलं तरी पुस्तक मिटू नका

पावसाळ्यात नागफणीकडून धुकं शिरलं की आमच्या कुरवंड्यात समोरचं घर दिसत नाही. अशा दिवसांसाठी एक पुस्तक सुचवते: विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. 1939 सालची कादंबरी. युद्धाची आहे, पण तिच्यात तोफा धडाडत नाहीत. युरोपातून निघालेलं एक जहाज आहे. त्यावर मायदेशी परतणारा चक्रधर आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू मुलगी हॅर्टा. त्याला मुंबईला उतरायचंय, तिला त्याहून पुढे जायचंय, आणि तरी दोघांचा जीव जडतो. शेवट सांगत नाही.

माझी जाऊ म्हणाली, “रडवणारं पुस्तक नको बाई, घरचं काय कमी आहे?” खरं आहे तिचं. पण घरचं दुःख सांगायला आपल्याला शब्द सापडत नाहीत, म्हणून ते आत साचतं. बेडेकरांना ते शब्द सापडलेत.

लढाई आपल्या गावाला नवी नाही. 2 फेब्रुवारी 1661 ला कारतलबखानाची मुघल फौज इथूनच घाट उतरली आणि शिवाजी महाराजांनी तिला उंबरखिंडीत कोंडलं. तो विजय आपण अभिमानानं सांगतो, सांगायलाच हवा. पण त्या खिंडीत पडलेल्यांच्या बायका किती रात्री दारात दिवा ठेवून बसल्या, ते लढाईच्या गोष्टीत येत नाही. कादंबरी त्या दारापर्यंत नेते. आणि आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्राशेजारून तर आपण रोज जातो. 1945 पासून तिथं जहाजाची इंजिनं शिकलेली पोरं समुद्रावर जातात. त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघतंच.

पुस्तक लहान आहे. एका बैठकीत संपेल, पण संपवू नका. दहा-बारा पानं झाली की उठा, दूध उतू जातंय का बघा, पागोळ्यांखाली हात धरा, मग परत बसा. एखादं पान मोठ्यानं वाचा, घरातलं कुणी ऐकत असेल तर फारच बरं. डोळे भरले तर भरू द्या. मात्र नुकतंच कुणी आपलं गेलं असेल, तर थोडं थांबा. पुस्तक कुठं पळून जात नाही.

जावेनं शेवटी माझी प्रत नेली, पावसातून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. चौथ्या दिवशी परत आणून दिली, ओट्याशी टेकली आणि कितीतरी वेळ काही बोललीच नाही. मी चहा ठेवला. तेव्हा म्हणाली, “त्याला थांबवता नसतं का आलं गं ते जहाज?”