उत्तनचा भूगोल आणि शहराचे परसदार

मीरा रोडच्या शांती नगरमधून उत्तनचा समुद्रकिनारा सरळ रेषेत मोजला तर फार तर दहा-बारा किलोमीटरवर असेल. तरीही या वसाहतीतील बहुसंख्य रहिवाशांच्या लेखी उत्तन म्हणजे वर्षातून एखाद्या रविवारी जाण्याचे ठिकाण. दादर किंवा चर्चगेट त्यांना जवळचे वाटते, कारण तेथे रोज जाणे होते. उत्तन त्याच महापालिकेत, त्याच पिनकोडांच्या पट्ट्यात असूनही परमुलखासारखे. या परक्या मुलुखाशी आपला एक दैनंदिन संबंध मात्र असतो, पण तो आपल्या लक्षात येत नाही. सकाळी घंटागाडीत टाकलेला कचरा भाईंदर पूर्व-पश्चिम ओलांडून, मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकत उत्तनच्या धावगी डोंगरावर पोहोचतो.

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाच्या या भूभागाविषयी गेल्या काही वर्षांत जेवढे निर्णय झाले आणि जेवढे प्रस्ताव आले, तेवढे त्याआधीच्या अर्धशतकात क्वचितच आले असतील. उत्तन-विरार सागरी सेतू, भाईंदरपर्यंत येणारा किनारी रस्ता, डोंगरीतील मेट्रो कारशेड, मनोरीतील समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प आणि गोराई-मनोरी-उत्तन पर्यटन क्षेत्राचा आराखडा असे हे प्रस्ताव. प्रत्येकाची बातमी स्वतंत्र छापून येते. नकाशावर ते एकत्र मांडले तरच ते एकाच चिंचोळ्या भूभागावर येऊन पडत असल्याचे कळते. त्यासाठी आधी तो भूभाग समजून घ्यायला हवा.

उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला व पूर्वेला मनोरीची खाडी. या तीन पाण्यांमध्ये उत्तन, पाली, चौक, डोंगरी, तारोडी, गोराई, मनोरी ही गावे वसली आहेत. आज आपण याला द्वीपकल्प म्हणतो. जुन्या कागदपत्रांत मात्र ते 'धारावी बेट' आहे आणि गावातील वडीलधारी माणसे अजूनही तोच शब्द वापरतात. (मुंबईतील धारावीशी या नावाची गल्लत करू नये, येथील नाव तारोडीच्या धारावी देवीशी जोडलेले आहे.) वसईच्या आणि मनोरीच्या खाड्यांना जोडणारा पाण्याचा पट्टा साष्टीपासून या बेटाला वेगळे करीत असे. गाळ साचत गेला, बांध घातले गेले, भातखाचरे आणि मिठागरे झाली आणि बेट जमिनीला चिकटले. म्हणजे हे द्वीपकल्प निसर्गाइतकेच माणसानेही घडविले आहे. अतिवृष्टी आणि मोठी भरती एकाच वेळी आली की त्या जुन्या खाडीची वाट कोठून जात होती हे मुर्धा-राईच्या रस्त्यावर पाणीच दाखवून देते.

खडकाचीही कथा अशीच वेगळी. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. डोंगरीच्या टेकडीवर मात्र फिकट रंगाचा ऱ्हायोलाइट आढळतो. त्याचे वय भूशास्त्रज्ञांनी सुमारे ६ कोटी २६ लाख वर्षे काढले आहे. दख्खनचा मुख्य लाव्हा ओतून झाल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर ज्वालामुखीने जी शेवटची आवर्तने घेतली, त्यांचा हा पुरावा आहे. मुंबई परिसरात असे पुरावे फार थोड्या जागी उरले आहेत, कारण इतरत्र ते खाणींनी आणि इमारतींनी गिळले.

या टेकडीचे मोल अठराव्या शतकातील सेनानींनी ओळखले होते. वसईच्या खाडीच्या मुखावर नजर ठेवायची तर चौकच्या उंचवट्यासारखी जागा नाही. १७३७ मध्ये सुरू झालेल्या साष्टी-वसईच्या मोहिमेत धारावीचा किल्ला हातातून जात-येत राहिला. अखेर मार्च १७३९ मध्ये तो मराठ्यांकडे आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे वसई शरण गेली. धारावी पडल्यावर खाडीतून वसईला मिळणारी रसद तोडणे सोपे झाले होते. तीन शतकांपूर्वी जो भूभाग मोक्याचा होता, तो आज आडवाटेचा कसा झाला?

याचे उत्तर भूगोलापेक्षा प्रशासनात अधिक आहे. या एका द्वीपकल्पाचे दोन तुकडे आहेत. उत्तन, पाली, चौक, डोंगरी ठाणे जिल्ह्यात आणि मीरा-भाईंदर महापालिकेत. गोराई व मनोरी मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि बृहन्मुंबई महापालिकेत. लोकसभेचे मतदारसंघ वेगळे. पोलीसही वेगळे, २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झाल्यावर ही रेषा आणखी ठळक झाली. गोराई मुंबईचे गाव. परंतु बोरिवलीहून तेथे जायचे तर होडीने काही मिनिटांत खाडी ओलांडावी लागते, नाही तर दहिसर-भाईंदर-उत्तन असा लांबलचक वळसा घालावा लागतो. मुंबईच्याच एका गावाला मुंबईतून मोटारीने जाताना शेजारच्या महापालिकेची हद्द ओलांडावी लागते, हे वाचून हसू येईल. रात्री अपरात्री रुग्ण घेऊन निघालेल्या माणसाला ते येत नाही.

दोन महापालिकांपैकी कोणाच्याही लेखी हा भाग मध्यवर्ती नाही. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५ लाख २० हजारांच्या घरात होती. २०११ मध्ये ती ८ लाखांवर गेली. त्यातील बहुतेक भर मीरा रोड आणि भाईंदरच्या इमारतींत पडली. ९५ नगरसेवकांच्या सभागृहात किनाऱ्यावरील गावांचे प्रतिनिधी बोटांवर मोजण्याइतके. त्यातच २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेवर प्रशासक होते. किनाऱ्याच्या भवितव्याविषयीचे अनेक महत्त्वाचे निर्णय याच काळात पुढे सरकले.

येथे शांती नगरच्या रहिवाशांनी आपल्याच वसाहतीचा इतिहास आठवावा. मीरा गावातील जमिनींवर नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातून सूट देऊन दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याची योजना झाली आणि त्यातून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'शांतीस्टार बिल्डर्स' विरुद्ध नारायण खिमलाल तोटमे या खटल्यात ३१ जानेवारी १९९० रोजी निकाल देताना न्यायालयाने जगण्याच्या हक्कात वास्तव्यास योग्य निवाऱ्याचा आणि चांगल्या पर्यावरणाचाही समावेश होतो असे मानले. निवाऱ्याच्या हक्काची चर्चा देशात कोठेही झाली तरी या निकालाचा दाखला दिला जातो. परवडणाऱ्या घरासाठी मुंबईबाहेर पडलेल्या माणसांच्या प्रश्नातून तो जन्मला. ज्या शहराच्या नावावर असा निकाल आहे, त्याच शहराच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी राहणाऱ्यांनी चांगल्या पर्यावरणाची मागणी केली की त्यांना विकासाचे विरोधक का ठरवावे?

धावगीच्या कचराभूमीवर आगी लागणे, धूर गावांत पसरणे, पावसाळ्यात कचऱ्यातून झिरपलेले काळे पाणी उतारावरील शेतांत जाणे, या तक्रारी वर्षानुवर्षे चालू आहेत. आंदोलने झाली, गाड्या अडविल्या गेल्या, प्रकरण हरित लवादापुढे गेले. शास्त्रीय प्रक्रियेची आश्वासने प्रत्येक वेळी मिळाली. साठलेला कचरा टेकडीवरच राहिला.

आता मेट्रोचे पाहू. दहिसर-मीरा-भाईंदर मेट्रो ९ ही शहराची गरज आहे याविषयी दुमत नाही. पश्चिम रेल्वेच्या डब्यात सकाळी आठ वाजता मीरा रोडला चढण्याचा प्रयत्न केलेल्या कोणालाही ती पटवून द्यावी लागत नाही. या मार्गाची कारशेड आधी राई-मुर्धा-मोर्वा येथे ठरली. गावकऱ्यांनी घरे आणि शेती जाईल म्हणून विरोध केला. मग ती डोंगरीच्या टेकडीवर सरकली. २०२५ मध्ये वृक्षतोडीच्या सूचना निघाल्या तेव्हा झाडांचा आकडा दहा हजारांच्या वर असल्याचे लोकांना समजले आणि हरकतींचा पाऊस पडला. डोंगरीकरांचे म्हणणे साधे आहे : टेकडीवर मुरणारे पावसाचे पाणी पायथ्याच्या विहिरींना पुरते, टेकडी सपाट केली की विहिरी खाऱ्या होतील. तिन्ही बाजूंनी खारे पाणी असलेल्या भूभागात गोड्या पाण्याचा हाच एक नैसर्गिक साठा असतो. हे भूगोलाच्या शालेय पुस्तकातील तत्त्व आहे. विरोधाला भावनिक म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी निदान त्याचे उत्तर द्यावे.

सागरी सेतूचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या आराखड्यानुसार उत्तन-विरार प्रकल्पाची एकूण लांबी ५५.१२ किलोमीटर आहे. त्यापैकी २४.३५ किलोमीटरचा मुख्य सेतू समुद्रावर आणि ३०.७७ किलोमीटरचे जोडरस्ते. उत्तनचा जोडरस्ताच ९.३२ किलोमीटरचा आहे. आधी सुमारे ८७ हजार कोटींवर गेलेला खर्च मार्गिका आणि खांबांची रचना बदलून ५२ हजार ६५२ कोटींपर्यंत खाली आणण्यात आला. वसई-विरारच्या प्रवाशाचे हाल ज्याने पाहिले आहेत, तो या सेतूला सरसकट नाही म्हणणार नाही.

मात्र कोळ्यांचा आक्षेप नेमका काय आहे, हे शहरी वाचकाला सहसा सांगितले जात नाही. उत्तन हे डोल जाळ्यांचे मोठे बंदर. बोंबील, जवळा, करंदी ही या जाळ्याची मासळी. डोल हे शंकूच्या आकाराचे जाळे एका जागी बांधून ठेवलेले असते. बोट ते ओढत फिरत नाही. समुद्रतळाशी पक्क्या केलेल्या आधाराला ते बांधतात, भरती-ओहोटीचा प्रवाह त्याचे तोंड उघडतो आणि तोच मासळी आत ढकलतो. या आधाराच्या जागेला 'कव' म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी पाण्याची पातळी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते-उतरते, म्हणून ही पद्धत येथे रुजली. कवांच्या जागा पिढ्यान्पिढ्या ठरलेल्या असून त्यांच्यावरून उत्तन, वसई आणि उत्तरेकडील गावांमध्ये जुने तंटेही आहेत. म्हणजे समुद्र ही मोकळी जागा नाही. तेथे शेताच्या बांधांसारखे बांध आहेत, फक्त ते किनाऱ्यावरून दिसत नाहीत. खांबांच्या ओळीमुळे प्रवाहाची दिशा वा वेग थोडा बदलला तरी ट्रॉलरवाला दुसरीकडे जाईल, डोलवाला जाऊ शकत नाही. त्यामुळे किती बोटींना किती भरपाई, हा हिशेब अपुरा पडतो. कवांची मोजणी, प्रवाहाचा अभ्यास आणि त्यानुसार खांबांतील अंतर, असा क्रम हवा.

जगाच्या दुसऱ्या टोकाला असेच एक द्वीपकल्प आहे. उत्तर रशियातील यमाल हा सुमारे ७०० किलोमीटर लांबीचा, गोठलेल्या जमिनीचा, झाडे नसलेला टुंड्रा. नेनेट्स भाषेत या नावाचा अर्थच 'भूमीचा शेवट'. मॉस्कोच्या दृष्टीने तो रिकामा प्रदेश होता. नेनेट्स लोक मात्र रेनडिअरांचे कळप घेऊन ऋतूप्रमाणे उत्तर-दक्षिण ये-जा करतात आणि त्या वाटा ठरलेल्या आहेत. २०१२ मध्ये बोवानेन्कोवो येथील वायू काढणे सुरू झाले, २०१७ च्या डिसेंबरात साबेटा बंदरातून द्रवरूप वायूचे पहिले जहाज निघाले, रेल्वेमार्ग आणि वाहिन्या आल्या. तेथे वाद झाला तो जमीन किती गेली याइतकाच वाट कोठे तुटली यावर, आणि वाहिन्यांवर कळपांसाठी ओलांडण्याच्या जागा ठेवाव्या लागल्या. उणे चाळीस अंशांतील टुंड्रा आणि दमट कोकण यांची तुलना ओढूनताणून करण्याचे कारण नाही. साम्य एवढेच की ज्याला राजधानी टोक समजते, ते तेथे राहणाऱ्याच्या जगाचे मध्य असते.

किनारी रस्त्याविषयी थोडक्यात. वर्सोवा-दहिसर-भाईंदर टप्प्यात ४५ हजारांहून अधिक खारफुटीची झाडे बाधित होणार असून डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली. पर्यायी वनीकरणासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील जमीन पुढे आली. चंद्रपूरची जंगले समृद्ध होवोत. मनोरीच्या खाडीत शिरणारी भरती मात्र ती अडविणार नाहीत. मनोरीच्या प्रस्तावित प्रकल्पातून मुंबईला दररोज २० कोटी आणि पुढे ४० कोटी लिटर गोडे पाणी मिळावे असे नियोजन आहे. उरलेले अतिखारट पाणी पुन्हा समुद्रातच सोडायचे आहे. ते कोठे आणि किती खोल सोडणार, हे मच्छीमारांना मराठीत समजावून सांगणे अवघड नसावे.

या गावांनी काहीच स्वीकारले नाही, असेही नाही. केशवसृष्टी आली, न्यायिक प्रशिक्षणाची अकादमी आली, २००९ मध्ये गोराईला विपश्यना पॅगोडा उभा राहिला. १९८९ साली आलेल्या एस्सेलवर्ल्डने एका पिढीला या किनाऱ्याची ओळख करून दिली. विरोध झाला तो २००६ नंतर पुढे आलेल्या पर्यटन विशेष आर्थिक क्षेत्राला, कारण त्यात गावेच्या गावे गिळली जाण्याची भीती होती. कोळी, आगरी, ख्रिस्ती, हिंदू असे सारे तेव्हा 'धारावी बेट बचाव'च्या घोषणेखाली एकत्र आले आणि तो प्रस्ताव बारगळला. त्यानंतर याच पट्ट्यातील सुमारे ४३ चौरस किलोमीटरसाठी विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नियुक्ती झाली. म्हणजे दोन महापालिकांत विभागलेला हा भूभाग नियोजनासाठी एकच मानता येतो, हे सरकारनेच मान्य केले आहे. मग सेतू, कारशेड, कचराभूमी, किनारी रस्ता आणि खारे पाणी यांचा एकत्रित परिणाम तपासणारा एकच अहवाल का असू नये? प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल स्वतंत्र आणि प्रत्येकात परिणाम 'मर्यादित', अशा पाच मर्यादांची बेरीज कोणीच मांडत नाही.

नव्या महापालिकेला हा प्रश्न राज्य सरकारकडे नेता येईल. तिच्या अखत्यारीतील काम मात्र आधीच समोर आहे. ओला कचरा प्रभागातच जिरविला तर धावगीकडे जाणाऱ्या गाड्या कमी होतील. शांती नगरच्या सेक्टरांमध्ये त्यासाठी जागा नाही, हे उत्तर आपण बरीच वर्षे देत आलो आहोत. उत्तनमध्ये जागा आहे, असे मात्र उत्तनकरांनी कधीच म्हटले नव्हते.