मोठ्या कंपनीचे नाव आणि नियुक्तीपत्रातील अटी

आपल्या समाजातील मुलेमुली आता अभियंते होऊन बाहेर पडत आहेत. एखाद्या बड्या अभियांत्रिकी कंपनीचे नियुक्तीपत्र आले की घरात आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु कंपनीचे नाव सारे वाचतात. पत्रातील अटी मात्र सहसा कोणी वाचीत नाही. वकिलीच्या व्यवसायात हे वारंवार दृष्टीस पडते. म्हणून या नोकरीच्या दोन्ही बाजू वाचकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

प्रथम लाभाची बाजू पाहू. लार्सन अँड टुब्रो ही संस्था दोन डॅनिश अभियंत्यांनी 1938 साली मुंबईत स्थापिली. हैदराबादची मेट्रो तिने बांधली. नर्मदाकाठचा 182 मीटर उंचीचा पुतळाही तिनेच उभारला. एवढ्या आवाक्याचे काम लहान कारखान्यात पाहावयासही मिळत नाही. मोठ्या संस्थेत शिक्षण पद्धतशीर होते, आराखडे तपासले जातात, सुरक्षिततेची शिस्त अंगी बाणते आणि तेथील अनुभवाचा दाखला पुढील दार उघडतो. ज्याच्या पाठीशी ओळखीपाळखीचे भांडवल नाही, त्याला हा दाखला विशेष मोलाचा आहे.

आता दुसरी बाजू. प्रचंड कामाचा लहानसा तुकडाच एकेकाच्या वाट्यास येतो, आणि तेवढ्यातच वर्षे निघून जातात. बदली दूरच्या साईटवर होते. सरकारी कंपनीप्रमाणे येथे राखीव जागा नाहीत. भरतीत नाहीत आणि बढतीतही नाहीत.

तासांचा प्रश्न तर मुळाशी जाणारा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, 1946 साली, बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास 54 वरून 48 झाले. उलट जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे आठवड्यास 90 तास कामाविषयीचे उद्गार प्रसिद्ध झाले व देशभर टीका झाली. कायद्याची मर्यादा आजही 48 तासांचीच आहे; परंतु ती ‘कामगारा’साठी आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या कामगार संहितांनुसार व्यवस्थापकीय काम करणारा, तसेच दरमहा 18,000 रुपयांहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षक, कामगार ठरत नाही. ‘असिस्टंट मॅनेजर’ या हुद्द्याने घरची मंडळी सुखावतात. पण त्याच हुद्द्याकडे बोट दाखवून जादा तासांचा दुप्पट मोबदला नाकारला जातो. मात्र न्यायालय हुद्द्याचे नाव पाहत नाही, प्रत्यक्ष कामाचे मुख्य स्वरूप पाहते. म्हणून आपल्या कामाची व तासांची नोंद प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी.

बाँडचेही तसेच आहे. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 मुळे, नोकरी सोडल्यावर अन्यत्र काम करू नये ही अट सामान्यतः निरर्थक ठरते. परंतु ठराविक मुदतीपूर्वी सोडल्यास रक्कम भरण्याची अट वेगळी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडणाऱ्यावरील दोन लाख रुपयांची अट वैध मानली. तेव्हा सही करण्यापूर्वी रक्कम आणि मुदत पाहावी.

आणखी एक गोष्ट पाहावी : पत्र कोणाच्या नावाचे आहे? दारावर पाटी मोठ्या कंपनीची आणि नेमणूक कंत्राटदाराची, असे पुष्कळदा घडते. नियुक्तीपत्र देणे आता मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. ते मागण्यात संकोच कसला? मुदतबंद नोकरास एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, इतरांस सामान्यतः पाच वर्षांनी. हेही ध्यानी असावे.

मोठी नोकरी अवश्य धरावी. तेथील विद्या पूर्णपणे आत्मसात करावी. परंतु ती कोणाची कृपा नव्हे; तो दोन पक्षांमधील करार आहे. कंपनीचे नाव कंपनीजवळच राहते. शिकलेली विद्या आणि जपून ठेवलेला कागद एवढेच आपले असते. ज्या घरात पहिला अभियंता झाला, त्या घराने पेढे वाटण्यापूर्वी ते पत्र एकदा एकत्र बसून वाचावे.