सड्यावर चाक कुणाच्या परवानगीनं?



पाऊस उतरला की सातारा-सांगलीच्या घाटमाथ्यावर आता एक नवी जत्रा भरू लागली आहे. पुण्या-मुंबईकडून फोर बाय फोर गाड्यांचे ताफे येतात. पुढं एक माहीतगार, मागं ओळीनं गाड्या. डांबरी सोडून गाडी सड्यावर घालायची, ओढ्यातनं काढायची, चिखलात रुतवायची आणि दोरानं ओढून काढायची, याला सहल म्हणतात. वाटेत "इथं अमक्या पिक्चरचं गाणं झालं, तिथं तमका हिरो बसला होता" असं दाखवत नेतात. सहलीचे पैसे शहरात आधीच घेतलेले असतात. गावाच्या वाट्याला चहाचे चार कप आणि सड्यावरची चाकोरी.

आमचं म्हणणं पर्यटकाच्या विरोधात नाही. पाहुणा आला तर आपण त्याला पाणी देतोच. आमचा सवाल एवढाच आहे: सड्यावर चाक घालायची परवानगी कुणी दिली, आणि ती देणारा कोण?

हा सवाल आम्ही जतहून विचारतो, याचं काही जणांना नवल वाटेल. जतला ना घाट, ना धबधबा. एकाच सांगली जिल्ह्याची पश्चिमेची कड म्हणजे चांदोली, जिथं पाऊस थांबत नाही; पूर्वेची कड म्हणजे जत, जिथं वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक बरं म्हणतात. पण आमच्या माळानं एक गोष्ट तुमच्यासारखीच पाहिली आहे. पवनचक्क्या आल्या तेव्हा त्यांची लांबलचक पाती न्यायला माळावर रुंद रस्ते पाडले. साताऱ्याकडं चाळकेवाडीच्या आणि पाटणकडं वनकुसवड्याच्या पठारावरही तेच झालं. रस्ता कंपनीच्या कामापुरता, असं म्हणत म्हणत त्यावर आधी कंपनीची गाडी आली, मग फोटोवाले, मग जमिनीचे दलाल. माळावर एकदा चाकोरी पडली की ती पुढं नकाशात 'रस्ता' म्हणून येते. आणि नकाशात रस्ता आला की तिथं चरणारी मेंढरं आडवी येणारी ठरतात. म्हणून सांगतो, चाकोरी उथळ आहे तोवरच बोललं पाहिजे.

आता पिक्चरचं घ्या. वाईजवळचं मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, हे आपल्या सर्वांना माहीत आहे. 'स्वदेस' (२००४) तिथं झाला, पण पडद्यावर ते उत्तर प्रदेशातलं चरणपूर होतं. 'गंगाजल' (२००३) मध्ये आपलाच मुलूख बिहार झाला. 'दबंग' (२०१०) मध्ये पुन्हा उत्तर प्रदेश, आणि 'चेन्नई एक्स्प्रेस' (२०१३) मध्ये तामिळनाडू. पिक्चरनं कुठली जागा काय दाखवावी हा त्यांचा धंदा आहे, त्यावर आमचं भांडण नाही. पण या सहली त्याच पडद्यावरून जागा ओळखतात. त्यात सड्याचं नाव नाही, खालच्या वाडीचं नाव नाही, तिथं कोण गुरं चारतं हे नाही. 'निर्मनुष्य, अस्पर्श निसर्ग' असं लिहून जाहिरात होते. ज्या जागी आपल्या चार पिढ्या राबल्या ती निर्मनुष्य कशी? पण असं पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं की साहेबाच्या टेबलावरही ती रिकामी जमीनच दिसायला लागते. वनहक्काचा दावा घेऊन आपण गेलो की "तिथं वस्ती होती याचा पुरावा काय?" हा सवाल तिथूनच येतो.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचू या. चांदोली १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. २०१० साली चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३५(७) मध्ये लिहिलं आहे की राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला मुळीच परवानगी नाही, जनावर आत येऊच द्यायचं नाही. अपवाद एकच: परवाना असलेल्या माणसानं ते जनावर वाहन म्हणून वापरलं तर! म्हणजे बैल चरायला आला तर गुन्हा, पर्यटकाला पाठीवर घेऊन आला तर चालेल. त्याच कायद्याच्या कलम २८ मध्ये आत जायचा परवाना कशासाठी मिळतो याची यादी आहे. त्यात फोटो काढणं आहे, पर्यटन आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं चित्रपट काढणंही आलं. चराई त्या यादीत नाही. आपल्याकडची म्हातारी हे ऐकून विचारंल, "आमची म्हस शिरली तर दंड, आन् त्येंची गाडी शिरली तर पावती?" या प्रश्नाला सरळ उत्तर आजवर कुठल्याही कचेरीतून आलेलं नाही.

आणि राखीव वनाचं पाहा. १९२७ च्या वन अधिनियमाच्या कलम २६ मध्ये राखीव वनात विनापरवाना शिरणं आणि गुरं चारणं हे दोन्ही गुन्हे एकाच पोटकलमात, शेजारी शेजारी आहेत. गुरं चारली म्हणून पावती फाडलेले लोक आपल्या प्रत्येक वाडीत सापडतील. त्याच कलमाखाली सड्यावर गाडी घालणाऱ्याला कितीदा अडवलं, हे प्रत्येक गावानं वनक्षेत्रपालांना लेखी विचारावं.

आता सड्याचं. बाहेरच्याला सडा म्हणजे उघडा कातळ वाटतो. आपल्याला ठाऊक आहे की कातळावर वीतभर, कुठं बोटभर माती आहे, आणि तीच सगळं धरून आहे. पावसात त्या मातीत आणि खोलगटात पाणी साठतं, हळूहळू जांभ्यात मुरतं आणि खाली वाडीच्या झऱ्याला येतं. गेंद, सीतेची आसवं, वायतुरा ही फुलं याच ओल्या मातीवर येतात. वजनदार गाडीचं चाक त्यावरून गेलं की माती दबते आणि चर पडतो. चर उताराकडं गेला की डबक्यातलं पाणी मुरायच्या आधी वाहून जातं, जाताना माती घेऊन जातं. पुढच्या गाडीला चर खोल लागला की ती शेजारून जाते, आणि एकाच्या तीन चाकोऱ्या होतात. एप्रिलमध्ये हंडा घेऊन झऱ्यावर बसणारी बाई सप्टेंबरातल्या या गाड्यांचा हिशेब चुकवत असते.

गुरांच्या खुरांनीही माती दबते, हे आम्ही नाकारत नाही. पण गुरं आज इथं, उद्या तिथं. ओल जास्त असली की गुराखी ती बाजूच सोडतो. कास पठारावर हे सगळ्यांनी पाहिलं. फुलं जपायला म्हणून तिथं कुंपण घातलं, चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं मागं पडली, अशी ओरड गावकऱ्यांनीही केली आणि अभ्यासकांनीही. शेवटी कुंपण काढावं लागलं. १९७२ च्या कायद्याला न कळलेली गोष्ट तिथल्या गुराख्याला आधीपासून माहीत होती.

आता आपल्याच पोरांचा सवाल, कारण तो खरा आहे. ती म्हणतात, "शेती पावसावर, नोकरी नाही, गाडीवर गाईड म्हणून गेलं तर दिवसाला चार पैसे मिळतात. ते पण बंद करायचं का?" पोरांवर आमचा राग नाही. वाट दाखवणं हे आपलंच काम आहे. आपल्याशिवाय यांना सडा सापडतसुद्धा नाही. पण आज आपला पोरगा दुसऱ्याच्या गाडीत पुढं बसून वाट दाखवतो, आणि वाट एकदा पडली की पुढच्या वर्षी त्याची गरज उरत नाही. मोबाईलमध्ये वाट उमटलेली असते.

दुसरा नमुनाही आपल्याजवळच आहे. कोयनेच्या पाण्यात ज्यांच्या जमिनी गेल्या त्या भागातली माणसं बामणोलीतून वासोट्याला होड्या चालवतात. पर्यटक येतात, पायी चढतात, संध्याकाळी परततात. कासला आसपासच्या गावांच्या समितीनं माणसांची संख्या बांधून घेतली, शुल्क घेतलं, पोरांना काम दिलं. त्यात उणिवा आहेत. मुख्य उणीव ही की ती संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे, म्हणजे खात्याच्या मर्जीवर उभी आहे. साहेब बदलला की नियम बदलतो. पण चाकाशिवाय पर्यटन चालतं, एवढं तरी त्यावरून सिद्ध झालं.

आणि जागाच खराब झाली तर रोजगारही जातो. थायलंड देशात एक लहानसा समुद्रकिनारा आहे, माया बे. २००० साली आलेल्या एका इंग्रजी पिक्चरमुळं तो जगभर गाजला. लोक इतके लोटले की समुद्रातलं प्रवाळ मेलं, आणि २०१८ साली सरकारला तो किनारा सुमारे साडेतीन वर्षं बंद ठेवावा लागला. पिक्चरवाले केव्हाच निघून गेले होते. बंदीचा फटका होडीवाल्यांना बसला.

पुढचं संकट याहून मोठं आहे. 'नवीन महाबळेश्वर' या नावानं सातारा, जावळी आणि पाटण भागातली २३५ गावं, सुमारे ११५३ चौरस किलोमीटर मुलूख, रस्ते विकास महामंडळाच्या नियोजनाखाली दिला गेला, आणि पर्यटन हा त्या आराखड्याचा कणा आहे. त्यात २०२३ साली केंद्रानं १९८० च्या वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती केली. वनखात्याच्या आराखड्यात दाखवलेली सफारी आणि निसर्ग-पर्यटनाची सोय आता 'वनेतर वापर' धरली जात नाही. पूर्वी वनेतर वापर म्हटला की केंद्राची मंजुरी लागायची, आणि ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या पत्राप्रमाणं ग्रामसभेचा ठराव मागता यायचा. पर्यटनापुरतं ते दार लोटून घेतलं आहे.

पण सगळी दारं बंद झालेली नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा जागेवर आहे, आणि तो राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यातही लागू आहे. "तुमच्याकडं पेसा नाही, तुमच्या ग्रामसभेला काय अधिकार?" असं काही कर्मचारी सांगतात. पेसा आपल्याकडं नाही हे खरं. पण वनहक्क कायद्याला पेसा लागत नाही. कातकरी आदिवासी म्हणून हक्कदार आहेत. गवळी-धनगर आणि इतर लोक १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवून हक्कदार आहेत. कलम ३(१) मध्ये चराईचा हक्क आहे, आणि फिरत्या मेंढपाळांच्या हंगामी चराईचाही आहे. म्हणजे जतचा मेंढपाळ आणि सड्यावरचा गवळी एकाच ओळीत उभे आहेत. आणि कलम ५ म्हणतं की सामूहिक वनात कुणी यावं-जावं याचं नियमन ग्रामसभा ठरवील, पाणवठे राखील, आणि जंगलाला बाधणारं कुठलंही काम थांबवील. मेंढा-लेखा गावानं २००९ साली हा सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ पासून आपला बांबू आपण विकला. ओडिशात नियमगिरी डोंगरावर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं निर्णय ग्रामसभांकडं पाठवला, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. खाण आली नाही.

तेव्हा या हंगामात प्रत्येक गावानं आणि वाडीनं एवढं करावं:

१. वनहक्क समिती नसेल तर ग्रामसभा बोलवा. १० ते १५ जण निवडा, त्यात किमान एक तृतीयांश बाया. सभेला निम्मे लोक हजर पाहिजेत. धनगरवाडा महसुली नकाशात नाही म्हणून मागं राहू नका. नोंद नसलेल्या जुन्या वस्त्याही या कायद्यात गाव धरल्या आहेत.

२. सामूहिक वनाचा दावा नमुना क मध्ये भरा. म्हाताऱ्या माणसांचे जबाब, देवाची जागा, जुनी विहीर, पडकी जोती, मसणवट हे सगळे पुरावे आहेत. एकाहून जास्त पुरावे जोडा. प्रांत कचेरीत दिल्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका.

३. सड्याचा नकाशा स्वतः काढा: झरे, डबकी, चराईचे फेरे, आणि नव्यानं पडलेल्या चाकोऱ्या. चाकोरीचा फोटो तारखेसह ठेवा.

४. ठराव करा: ठरलेला रस्ता सोडून कुठलंही यांत्रिक वाहन सड्यावर येणार नाही, मग ते सहलीचं असो, चित्रीकरणाचं असो वा गावातल्याच कुणाचं. प्रत वनक्षेत्रपाल, तहसीलदार आणि ठाण्याला द्या.

५. पाहुणे पायी येतील, वाटाडे गावचे असतील, शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जाईल. कुणी एकट्यानं कंपनीच्या कागदावर अंगठा करू नये.

६. पर्यटनाच्या प्रत्येक आराखड्यात आपल्या गावाचं नाव कुठं आहे ते वाचून घ्या, आणि हरकत लेखी द्या.

चौथ्या कलमावर घरात भांडणं होतील, हे आम्ही जाणतो. ज्याची जीप आहे त्याला ते जड जाईल. म्हणून त्याला सभेत बोलवा, त्याचं ऐका, आणि वाटाड्याच्या कामात पहिला मान त्यालाच द्या. ठराव गावाचा असेल तरच तो सड्यावर टिकेल.

गाडीवाला उद्या विचारील, "परवानगी कुणाची लागते?" त्याला सांगायला आपल्या हातात शिक्क्याचा कागद असला पाहिजे. तो या दिवाळीआधी झाला पाहिजे.

सडा आमचा, ठराव आमचा!
जिंदाबाद!