अंग गार केल्यानं फुप्फुसं वाचतील?

आमच्या भोसरी-चाकण पट्ट्यात 'गार करणे' म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतून निघालेला लालबुंद जॉब तेलात किती वेगानं गार होतो, त्यावर तो टिकणार की तडकणार हे ठरतं. त्यामुळे फुप्फुसाला गंभीर इजा झालेल्या पेशंटचं अंगच थंड करायचं, ही कल्पना वाचली तेव्हा मला ती चटकन आवडली. आणि इतकी चटकन आवडली म्हणून जरा संशयही आला.

कल्पना अशी. न्यूमोनियानं, जंतुसंसर्गानं किंवा कारखान्यातला विषारी वायू छातीत गेल्यानं फुप्फुसं सुजतात, त्यांत पाणी भरतं. मग व्हेंटिलेटर लावावा लागतो, आणि त्याच्या दाबानं आधीच दुखावलेली फुप्फुसं आणखी दुखावतात. आता शरीराचं तापमान एक अंशानं उतरवलं की त्याची प्राणवायूची गरज साधारण सहा ते दहा टक्क्यांनी घटते. गरज कमी म्हणजे व्हेंटिलेटरचा जोरही कमी. किती सरळ हिशोब!

पण शरीर म्हणजे जॉब नव्हे. ते थंडीला विरोध करतं, कुडकुडतं, आणि कुडकुडताना उलट जास्तच प्राणवायू जाळतं. ते थांबवायला स्नायू लुळे पाडणारी औषधं द्यावी लागतात. वर जंतुसंसर्गाची, रक्त न गोठण्याची आणि हृदयाचे ठोके बिघडण्याची भीती आहेच. म्हणूनच अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या पुढाकारानं 'चिल' नावाची चाचणी आखली गेली : 34 ते 35 अंश, 48 तास, सोबत ती स्नायूंची औषधं, आणि तुलनेला नेहमीचे उपचार घेणारे पेशंट. हा रस्ता मला मान्य आहे. चाचणीच्या बाहेर, 'करून तर बघू' म्हणून पेशंट गार करणं मात्र मुळीच मान्य नाही.

याचं कारण आपल्याकडेच घडलंय. जन्मताना प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा झालेल्या बाळांना गार ठेवण्याचा उपचार 2005 च्या चाचण्यांनंतर युरोप-अमेरिकेत रुळला. आपल्याकडे तो चालतो का, हे बघायला 'हेलिक्स' चाचणी झाली. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली सात रुग्णालयं, त्यांत मुंबईचं सायन हॉस्पिटलही होतं. एकूण 408 बाळं. निम्म्यांना 72 तास 33.5 अंशांवर ठेवलं. 2021 मध्ये निकाल आला : गार ठेवलेल्यांपैकी 42 टक्के बाळं दगावली, न ठेवलेल्यांपैकी 31 टक्के. तिकडे जीव वाचवणारा उपचार, इकडे जीव घेणारा! हे आकडे वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं. मोठ्यांची फुप्फुसं हा वेगळा आजार आहे, कबूल. पण तिकडून आलेलं डाय सॅम्पल लॉट न काढता थेट लाइनवर चढवायला आपला कुठला क्वालिटीवाला तयार होईल, सांगा बघू?

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) चाचणीत उतरलेले उपाय दिसायला अगदी साधे आहेत. व्हेंटिलेटरनं प्रत्येक श्वासाला कमी हवा द्यायची, हे 2000 साली 861 पेशंटवर सिद्ध झालं. पेशंटला दिवसातले सोळा तास पालथं झोपवायचं, हे 2013 मध्ये मुख्यतः फ्रान्समधल्या चाचणीत 466 पेशंटवर. तिथे 28 दिवसांतला मृत्युदर सुमारे 33 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आला. निम्म्यावर! 2020 मध्ये नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवर जम्बो हॉस्पिटल उभं राहिलं, तेव्हा 'पालथं झोपवा' हे शब्द आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये घरोघरी पोचले होते.

पण नळ्या लावलेला बेशुद्ध माणूस पालथा करायला चार-पाच सराईत माणसं लागतात, आणि रात्री तीन वाजताही लागतात. त्यांचं उद्घाटन करता येत नाही, माहितीपत्रकात फोटो छापता येत नाही. यंत्राचा येतो.

तेव्हा उद्या या भागातल्या एखाद्या आयसीयूत 'आमच्याकडे कूलिंगची सोय आहे' असं कुणी कौतुकानं सांगितलं, तर नातेवाइकांनी एवढंच विचारावं : रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हो?